धुतलेला कप

पास्ता उकळलेलं कपभर पाणी मी ओट्यावर मुद्दाम काढून ठेवलं होतं. आतोबांनी ते सिंकमध्ये ओतलं, कप घासला, फडक्याने पुसला आणि जागेवर नेऊन लावला. गोष्ट कालचीच आहे, बेत वसंतातल्या भाज्यांच्या पास्त्याचा. माझं डोकं अजून ताळ्यावर नाही.

एवढ्याशा पाण्यासाठी हा त्रागा कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी आधी थोडं शास्त्र. पास्ता उकळताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि पाणी दुधट होतं. कढईत एकीकडे तेल-लोणी असतं, दुसरीकडे भाज्यांना सुटलेलं पाणी, आणि या दोघांचं आपसांत काही जमत नाही. त्यात हे दुधट पाणी अर्धा कप घालून कढई जोरात हलवली की सगळं मिळून येतं आणि पास्त्याला चकचकीत लेप बसतो. तोच सॉस. वेगळा सॉस करायचाच नसतो. मैद्याच्या पांढऱ्या लगद्यात भाज्या पुरायच्या असतील, तर फाल्गुनात मंडईत जाऊन कोवळं काही निवडत बसायची गरज नाही, फ्रीजरमधल्या पिशवीतलं काहीही चालतं.

आता कालचा संवाद.

“आतोबा, इथे कपात पाणी होतं.”

“होतं. टाकलं.”

“का?”

“गढूळ होतं रे. वर फेससुद्धा होता.”

“ते पास्त्यात घालायचं होतं.”

आतोबांनी चाळणीतल्या पास्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “त्यातूनच काढलास ना आत्ता? परत त्यातच घालायचा होता, तर काढलास कशाला?”

याचं उत्तर आहे, पण हातात तापलेली कढई असताना ते देता येत नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आतोबांनी आपल्या सोयीने लावला आणि ते उदार झाले. “पाणीच हवंय ना? थांब, देतो.” नुकताच घासलेला तोच कप त्यांनी फिल्टरखाली धरला आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवला. “घे. स्वच्छ.”

“हे नाही चालत. यात स्टार्च नाही.”

“स्टार्च म्हणजे कपड्यांना घालतात तो?”

“साधारण तोच.”

“आणि तो खायचा?”

हा प्रश्न विचारणारा माणूस मूळचा राजापूरकडचा. सकाळी ऊन ऊन पेज, त्यात मिठाचा खडा आणि सोबत आंब्याचं लोणचं, याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. पुण्यात चार दिवस राहायला येतानाही पिशवीत उकडे तांदूळ असतात. मी शेवटचा प्रयत्न केला. “आतोबा, पेजेत काय असतं?”

“पेजेत पेज असते,” आतोबा म्हणाले. “ती पौष्टिक. हे नुसतं धुणं.” आणि जाता जाता म्हणाले, “बरं, ते चाळणीतलं चिकटायला लागलं होतं. मी नळाखाली धरून मोकळं केलंय.”

म्हणजे कपातला स्टार्च गेलाच होता, पास्त्याच्या अंगावरचाही गेला. पास्ता धुवायचा तो फक्त गार सॅलडसाठी. गरम खायचा असेल तर चाळणीतून थेट कढईत, किंवा चाळणीही नको, झाऱ्याने उचलून टाकावा. निथळत ठेवला की तो चिकटणारच. उकळताना तेल घालण्याची सूचनाही घरोघरी मिळते. ते तेल पाण्यावर तरंगतं, आणि पाणी निथळताना पास्त्याला लागलंच तर पुढे सॉस धरू देत नाही. पहिली दोन मिनिटं ढवळलं की काम होतं.

पाणी असं ओतलं गेलंच, तर अर्धा चमचा कॉर्नफ्लॉर अर्धा कप पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ घालून एक उकळी आणावी. चव तेवढी येत नाही, पण मिळून येतं. काल मी तेच केलं. आतोबा मागून म्हणाले, “बघ, झालं ना?”

मापं चौघांची सांगतो. पास्ता 400 ग्रॅम, पाणी 4 लिटर, मीठ 40 ग्रॅम, म्हणजे मोठे दोन चमचे जरा भरून. एवढं मीठ पाहून कोणीतरी “बापरे” म्हणतंच. बहुतेक मीठ पाण्याबरोबर जातं. मात्र कढईत वेगळं मीठ घालण्याआधी चाखा, कारण राखलेलं पाणी खारट असतं. पाकिटावर घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा असेल तर पास्ता दाताखाली थोडा कणखर राहतो. मैद्याचा स्वस्त पास्ता दोन मिनिटं जास्त झाली की गिचका होतो. आपला बन्सी हाही ड्युरम गहूच. पाकिटावर 11 मिनिटं लिहिलं असेल तर 9 मिनिटांनी काढा, उरलेली दोन कढईतली.

भाज्यांचं दुखणं वेगळं. फाल्गुनातला मटार म्हणजे हंगामाची शेपूट. शेंग फुगलेली आणि निस्तेज, दाणा मोठा आणि पिठूळ. तोडल्यापासूनच दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, उकाड्यात ते आणखी लवकर होतं. (नको तिथे स्टार्च भरपूर.) अर्धा किलो शेंगांचे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास दाणे निघतात. कोवळ्याला दोन मिनिटं पुरतात, जूनला पाच लागतात, चिमूटभर साखरही लागते. लाल गाजराचा मधला दांडा या दिवसांत कडक झालेला असतो, तो काढून टाका. फरसबी 100 ग्रॅम, तिरकी चिरून. ओल्या हरभऱ्याचे सोलाणे मूठभर, ते या दिवसांतच मिळतात आणि पास्त्यात मटारापेक्षा उजवे लागतात, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. शिवाय ओल्या लसणीची पात. अस्पॅरॅगस हवाच असेल तर पुडक्याची किंमत पाहण्याआधी देठ पाहा. खालचा लाकडासारखा भाग मोडून फेकण्यात तिसरा हिस्सा जातो, आणि वजनाचे पैसे त्याचेही घेतलेले असतात.

भाज्या पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात, पास्ता टाकण्याआधी उकळून घ्यायच्या. गाजर आणि जून मटार आधी, फरसबी आणि सोलाणे मिनिटभराने. झाकण ठेवायचं नाही. भाजीतून निघणारी आम्लं वाफेबरोबर बाहेर जायला हवीत, ती कोंडली की हिरवा रंग शेवाळी होतो. लिंबूही त्याच कारणाने अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. सोडा घातला तर रंग झकास येतो आणि भाजीचा चिखल होतो.

या पदार्थाचा जन्मही भांडणातलाच आहे. वसंतातल्या भाज्यांचा म्हणून जो पास्ता जगभर गाजला तो इटलीतल्या कुठल्या आजीचा नव्हे, न्यूयॉर्कच्या ‘ल सिर्क’ या रेस्टॉरंटचा, 1970 च्या दशकातला. 1977 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कृती छापली. तीत मश्रूम, झुकिनी, टोमॅटो, ब्रोकोली आणि वर क्रीम, म्हणजे वसंत बराचसा नावापुरता. तिथल्या फ्रेंच शेफला हा पदार्थ इतका खटकायचा, की त्याने तो आपल्या स्वयंपाकघरात करू दिला नाही, बाहेरच्या बोळकंडीत करायला लावला, असं सांगतात. त्याने पदार्थ बाहेर काढला. मला माणूस बाहेर काढायचा होता, पण आत्याचे यजमान पडले.

कढईत दोन चमचे ऑलिव्ह तेल, एक चमचा लोणी. लसणीची पात परतली की भाज्या, मग पास्ता, मग पाणी, ज्यांच्याकडे उरलं असेल त्यांनी. चीज गॅस बंद करून, थोडं निवल्यावर, अगदी बारीक किसून घाला. उकळत्यात पडलं की त्याच्या गुठळ्या होतात आणि तेल वेगळं सुटतं. अस्सल पार्मिजानो या कडक इटालियन चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य असतं, तेव्हा घरात कोणी कडक शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका पाहूनच कडक चीज घ्यावं.

आणि जेवायला बोलवायची वेळ. पास्ता थांबत नाही, पाच मिनिटांत सगळा सॉस पिऊन कोरडा बसतो. पण आपल्याकडे “पानं घेतली” ही हाक म्हणजे आंघोळीला जायची, फोन करायची आणि बातम्या संपवायची सूचना असते. वरण-भाताने हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, कारण तो परत गरम करता येतो. म्हणून आधी सगळ्यांना पानावर बसवा, हातात काटे द्या, मगच पास्ता पाण्यात टाका. नऊ मिनिटं बसतील उपाशी.