‘वय झालंय की आता तुमचं!’

साठी ओलांडल्यावर अंगातले बळ लवकरात लवकर कसे घालवावे, याविषयी मराठीत पद्धतशीर मार्गदर्शन कुठे मिळत नाही. आपल्या बेळगावात ही विद्या घरोघरी आहे, परंतु ती तोंडोतोंडी चालत आल्यामुळे पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. पस्तीस वर्षे मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईने ती लिहून ठेवावी, हा विचार गेल्या महिन्यात, उजव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पलंगावर पडले असताना मनात आला. गुडघ्याची हकिकत पुढे येईलच. आधी सल्ले.

या कामी निसर्ग आपल्याला मोठा हातभार लावतो, याबद्दल त्याचे आभार मानावेत. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायूंचा साधारण 3 ते 8 टक्के भाग घटत जातो, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर ओसरते. या झिजेला अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने 1989 मध्ये ‘सार्कोपेनिया’ असे ग्रीक नाव सुचवले. मांसाचा ऱ्हास, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे फार पूर्वीपासून त्याला ‘वय झालं’ असे सुटसुटीत नाव असल्यामुळे त्यावर काही उपाय असू शकतो, अशी शंकाही कुणाला येत नाही. तेव्हा पहिला सल्ला असा की, काहीही करू नये.

खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांनी टेकू घ्यावा, म्हणजे मांड्यांना हळूहळू आपल्या कामाचा विसर पडतो.

भरलेला सिलिंडर हलवायचा असल्यास मुलगा पुण्याहून येईपर्यंत वाट पाहावी.

चालायला मात्र अवश्य जावे. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे अर्धे गाव चालत असते. तिथे आपल्या वयाची चार माणसे गाठून, चालण्यापेक्षा बोलण्याचा वेग अधिक राहील अशा बेताने तीन फेऱ्या माराव्यात आणि परतताना इडली-वड्याची एक प्लेट संपवून खर्ची पडलेले सारे भरून काढावे. चालणे चांगलेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच सूचनांत, आठवड्यातून किमान दोन दिवस अंगातील सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायामही करावा आणि पासष्टीनंतर तोल व ताकद या दोन्हींसाठी आठवड्याचे तीन दिवस द्यावेत, असेही म्हटले आहे. ते वाचायचे टाळावे, आणि कुणी दाखवलेच तर ‘रोज चालतोय की, अजून काय पाहिजे?’ असे विचारून विषय संपवावा.

आहाराच्या बाबतीत आपण बेळगावकर मुळातच योग्य मार्गावर आहोत. सकाळी चहात बुडवून बटर, मग उप्पीट, दुपारी भाताच्या डोंगरावर डाळ शोधावी लागेल अशी आमटी, संध्याकाळी चुरमुऱ्यांचा चिवडा आणि पाहुणे आलेच तर कुंदा. (कुंद्यात खवा असतो, हा युक्तिवाद आमच्या यजमानांनी केला आहे आणि तो मी नोंदवून घेतला आहे.) उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि आपल्याच तालुक्यात पिकलेली गोड रताळी घेतली, म्हणजे प्रथिने अंगाला लागण्याची उरलीसुरली भीतीही नाहीशी होते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. माझ्या 62 किलोंना ती सुमारे 51 ग्रॅम होतात, आणि मूत्रपिंडे धड असलेल्या वयस्क माणसाने 1 ते 1.2 ग्रॅमच्या हिशेबाने खावे असे या विषयातील तज्ज्ञ म्हणतात, म्हणजे 62 ते 74. एका रविवारी मी वही घेऊन बसले आणि दिवसभरात पोटात गेलेले सगळे मोजले, तर बेरीज 34 वर थांबली. घरात शेंगदाणे होते, ज्यांच्या 100 ग्रॅममध्ये 25 ग्रॅम प्रथिने असतात. हुलगे होते, मटकी होती, फडताळात अंडी होती आणि एकेका अंड्यात 6 ग्रॅम होती. शिवाय त्या दिवशी मटण होते. फोडी मुलाच्या आणि यजमानांच्या ताटात गेल्या आणि मी नेहमीप्रमाणे रस्सा-भात खाल्ला. मला कुणी अडवले नव्हते. वाढणारी मीच होते. मैत्रिणींनो, बळ घालवण्याचा हा आपला खास घरगुती उपाय असून तो आईकडून मुलीकडे कोणत्याही लेखी मार्गदर्शनाविना चालत आला आहे.

ज्यांना एवढ्याने समाधान नाही आणि जी काही ताकद शिल्लक आहे ती एका दिवसात घालवायची आहे, त्यांनी जिमला जावे.

माझ्या हाडांच्या घनतेचा अहवाल पाहून डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर ‘वजने उचलायला शिका’ असेही सांगितले, म्हणून मी गेले. जिम दुसऱ्या मजल्यावर होती. फॉर्म कन्नडमध्ये आणि इंग्रजीत होता, आरसे हलवणारी गाणी पंजाबी होती, आरडाओरडा हिंदीत चालला होता आणि पैशांची बोलणी तेवढी शुद्ध मराठीत झाली. एका महिन्याचे शुल्क घेत नाहीत, तीन महिन्यांचे परवडत नाही, म्हणून वर्षाचे 14,000 रुपये आगाऊ भरावेत, असे ठरले. शिकवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्याने माझा रक्तदाब विचारला नाही, गुडघा विचारला नाही, हाडांचा अहवाल मी पिशवीतून काढत होते तो पाहिला नाही. ‘आंटी’ म्हणून हाक मारली आणि दहाच्या दहा खेपा, अशा शंभर बैठका पहिल्याच दिवशी काढायला लावल्या. मीही काढल्या. शाळेत कवायतीला पोरांसमोर मागे हटण्याची सवय नव्हती, हा माझा दोष.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला धरून उलटी उतरले. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात बसता येईना. सवय नसलेल्या व्यायामानंतर स्नायू दुखतात, ते दुखणे 24 ते 72 तासांत सर्वांत वाढते आणि नंतर आपोआप उतरते, हे मला आता ठाऊक आहे. परंतु गुडघ्याला सूज येणे त्यात बसत नाही. अतिरेक फारच झाला, तर स्नायूंचे तुटलेले घटक रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतात, लघवीचा रंग काळ्या चहासारखा होतो आणि रुग्णालय गाठावे लागते, हे तर त्या मुलाला आजही ठाऊक नसेल. माझ्यावर तशी वेळ आली नाही. मी फोन केला तेव्हा त्याने सांगितले, ‘पहिल्यांदा एवढं दुखतंयच की, आंटी. तुम्ही पावडर घेतली नाही म्हणून जास्त वाटायलंय.’ पावडरचा डबा त्याच्याकडेच मिळत होता आणि त्याची किंमत 3,400 रुपये होती. एका चमच्यात 25 ग्रॅम प्रथिने, असे डब्यावर छापले होते. पावडर विष आहे असे मी म्हणत नाही, दुधापासूनच ती करतात. पण या बाईने सकाळपासून काय खाल्ले, हा एक प्रश्न तरी डबा पुढे सरकवण्याआधी विचारायचा होता.

नवव्या दिवशी मी लंगडत तो जिना चढून गेले. गुडघा दाखवला. त्याने मोबाईलवरून मान वर केली आणि तो म्हणाला, ‘वय झालंय की आता तुमचं. तुम्ही झुंबाला या, नाहीतर योगा करा.’

वय झाले! तू शंभर बैठका काढायला लावल्यास तेव्हा माझे वय किती होते? नऊ दिवसांत मी म्हातारी झाले काय?

माझे मामा येळ्ळूरच्या तालमीत घुमत असत. त्यांचे वस्ताद चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला महिनाभर आखाडा खणायला आणि माती मळायला लावायचे, दहा जोर आणि वीस बैठका द्यायचे, त्याचा श्वास कुठे तुटतो ते शेजारी बसून पाहायचे आणि मगच पुढच्या आठवड्यात दोन वाढवायचे. हजार बैठका मारणारा पठ्ठा तयार व्हायला वर्षे लागायची. हीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने शिकागोच्या रुग्णालयात जायबंदी सैनिकांच्या पायांवर करून पाहिली: पेलेल तेवढे वजन, थोड्या आवृत्त्या, आणि पेलले की थोडी भर. त्याने 1945 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला आणि आज जगभरच्या व्यायामशाळा त्याच नियमावर चालतात. वस्तादांनी तो निबंध वाचला नव्हता, या मुलाने तर काहीच वाचलेले नाही. पण वस्ताद पोराकडे बघत तरी होते. इथे अंगात घट्ट बनियन, त्यावर पाठीवर इंग्रजीत ‘कोच’ आणि डोळे आरशात.

आणि वयाचेच म्हणाल, तर 1990 मध्ये अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हाडे विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, खांद्यावर दांडी घेऊन बैठका आणि जमिनीवरून वजन उचलणे शिकवले गेले. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. तिथे पहिला महिना हलकी वजने घेऊन हालचाल शिकण्यात गेला होता आणि शेवटपर्यंत जाणते माणूस शेजारी उभे होते. माझ्या डॉक्टरांना तेच हवे होते. तेच मी 14,000 रुपयांना विकत घेतले, अशी माझी समजूत होती.

आता सल्ले पुरे झाले. जिमच्या मालकांनो, तुम्ही साठीच्या बायकांकडून वर्षाचे पैसे आगाऊ घेता, तर त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करणारे एक शहाणे माणूस पगार देऊन ठेवा, आणि तेवढी ऐपत नसेल तर दारावर ‘फक्त दंड फुगवायचे असणाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावा. तिन्ही भाषांत लावा. घरातल्या पोरांनो आणि पोरींनो, आई वजन उचलायला निघाली म्हणून तुम्ही माझ्यावर हसलात. खानापूरच्या माझ्या माहेरी मी दहाव्या वर्षापासून विहिरीच्या पायऱ्या चढून डोक्यावर आणि कमरेवर घागरी आणल्या, लग्नानंतर तुम्हाला कडेवर घेऊन बाजार केला, तांदळाची पोती सरकवली, आणि तेव्हा ‘या वयात ओझे नको’ असे तुमच्या सात पिढ्यांतले कुणी बोलले नाही. दोन हातांत दोन किलोंचे डंबेल घेतले तेव्हा मात्र सगळ्यांना माझे वय आठवले. आणि माझ्या वयाच्या बायांनो, तुम्ही रस्सा-भात खाऊन उठता, जमिनीवरून उठताना सुनेचा हात धरता आणि त्याला देवाची इच्छा म्हणता, याची तुम्हाला लाज वाटली पाहिजे. मलाही वाटली पाहिजे, इतकी वर्षे मीही तेच केले.

सूज उतरल्यावर डॉक्टरांनी मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. त्यांनी पहिल्या दिवशी भिंतीला टेकवलेली एक साधी खुर्ची, छातीवर दुमडलेले हात आणि घड्याळ, एवढ्यावर माझी परीक्षा घेतली: 30 सेकंदांत किती वेळा पुरते उठून बसता येते? साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा वेळा जमले नाही, तर ती पडण्याचा धोका अधिक समजतात. मला सहा जमल्या. बाईंनी त्या सहांपासूनच सुरुवात केली, दर आठवड्याला एखादी वाढवली, मग हातात पाण्याने भरलेली बाटली दिली. मी रोज दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे खाते, आणि रविवारी पहिली फोड माझ्या ताटात वाढते. परवा अकरा झाल्या. बारावी झाली की मी पावती घेऊन तुमचा दुसरा मजला चढून येणार आहे. अकरा महिन्यांचे पैसे मोजून ठेवा.