भाव न करणारं गिऱ्हाईक

सोलापुरात चादर घ्यायला गेलेला माणूस काय करतो? चाटी गल्लीत दुकानदार साडेसहाशे म्हणाला की हा तीनशे म्हणतो. दुकानदार कपाळावर हात मारतो, हा दोन पायऱ्या उतरतो, मागून "अहो मालक, या की!" अशी हाक येते, आणि सव्वाचारशेला दोघंही आपणच लुटलो गेलो असा चेहरा करून वेगळे होतात. लुटलं कुणीच गेलेलं नसतं. तर ही जुनाट, घामट, वेळखाऊ पद्धत आहे. तुम्हाला तुमची दहा वर्षांची वॅगनआर ऑनलाइन विकायची असेल, तर ही सवय आधी मोडा. गेल्या वर्षी मी माझी विकली, मेव्हण्याने त्याची विकायला काढली. माझा वेळ आणि त्याचे पैसे, अशा दोन्ही खर्चांतून हे मार्गदर्शन तयार झालेलं आहे.

सुरुवात जाहिरातीपासून. गाडी धुऊन घ्या. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात दोन बादल्या गाडीवर ओतताना शेजारीण बघते, तिकडे लक्ष देऊ नका. मग फोटो काढा. नंबरप्लेट स्वच्छ दिसली पाहिजे, मागे घरावरची नावाची पाटीही आली पाहिजे. एवढ्यावर थांबू नका. आरसी दोन्ही बाजूंनी टाका, विम्याचा कागद टाका, कुणी मेसेजवर मागितलंच तर आधारही पाठवा. आपल्याला लपवायचं काय आहे, आपण चोर थोडेच आहोत? अगदी बरोबर. चोर वेगळा आहे, आणि त्याच्याकडे कागदच नसतात बिचाऱ्याकडे. ते आपण पुरवायचे.

पुढचं तो बघतो. तुमचेच फोटो, तुमचीच आरसी, तुमचंच नाव, फक्त फोन नंबर त्याचा आणि किंमत तुमच्यापेक्षा साठ हजारांनी कमी, अशी दुसरी जाहिरात तो टाकतो. आमच्या गल्लीत एका रविवारी सकाळी बार्शीहून चौघं आले. नवरा-बायको, म्हातारे वडील आणि एक शाळकरी पोरगी. पोरीच्या हातात नारळ होता, पिशवीत झेंडूचा हार, आणि ती गाडीच्या काचेला नाक लावून आत बघत होती. पंधरा हजार टोकन त्यांनी 'मालका'ला पाठवून झालं होतं. खरा मालक दारात बनियनवर उभा होता आणि त्याला यातलं काही माहीत नव्हतं. चहा झाला. पोलीस चौकी झाली. अर्जात नाव कुणाचं? आरसीवर ज्याचं, त्याचं. नारळ शेवटी कुणी फोडला नाही, तो तसाच परत बार्शीला गेला.

असो. जाहिरात पडली की फोन सुरू होतात, आणि इथे खरी पारख लागते. काही अत्यंत त्रासदायक लोक प्रत्यक्ष गाडी बघायला येतात. माझ्याकडे अक्कलकोट रोडकडचे एक काका आले, सोबत मेस्त्री घेऊन. मेस्त्रीने बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण काढून हुंगलं, दाराचं रबर नखाने सोलून आतला पत्रा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता काकांना म्हणाला, "डावा दरवाजा मारलेला हाय." हे मी स्वतः विसरलो होतो. मग काका गाडीत बसले, एसी लावला, डोळे मिटून पाच मिनिटं नुसते बसून राहिले. मला वाटलं झोपले. उतरले आणि म्हणाले, "एक नव्वद."

मी दोन चाळीस सांगितले होते. असा माणूस दारात उभा करू नये. पत्ता विचारतो, चार वेळा येतो, लायसन्स मागितलं तर काढून दाखवतो, चक्कर मारायला गेला तर तुम्हाला शेजारी बसवून नेतो, आणि पन्नास हजार कमी करून मागतो. अपमान म्हणजे किती! मी त्यांना वाटेला लावलं.

त्याउलट मेव्हण्याला भेटलेलं गिऱ्हाईक बघा. फोन उचलल्यावर पहिला शब्द, "जय हिंद सर." फौजी. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, सगळं न मागता पाठवलं. पोस्टिंग सध्या सोलापूरजवळ, बदली जम्मूला, गाडी कुटुंबासाठी हवी. किंमत ऐकली आणि म्हणाला, "डन सर." भाव नाही. किती किलोमीटर झाली, विचारलं नाही. पहिल्या मालकाची आहे का, विचारलं नाही. सर्वांत कहर म्हणजे अ‍ॅव्हरेज किती देते, हेसुद्धा विचारलं नाही. ज्या देशात लोक विमानात बसल्यावर विमानाचं अ‍ॅव्हरेज विचारतील, तिथे हा माणूस गाडी न बघता अडीच लाखांना घेतोय! मेव्हण्याचे डोळे पाणावले. "देशासाठी लढणारी माणसं अशी मोठ्या मनाची असतात," असं त्याने मला फोनवर सांगितलं. त्याचा मित्र शेजारी होता, तो म्हणाला, "काय करलालास बे, आधी भेट तरी त्याला." मित्राला देशप्रेम नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

आता आगाऊ रक्कम घेण्याची आधुनिक रीत नीट समजून घ्या. फौजी म्हणाला, आमचं पेमेंट सरकारी खात्यातून येतं, आधी खातं जोडावं लागतं, मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पाच रुपये टाका, दहा परत येतील. मेव्हण्याने पाच टाकले. दहा आले. खरोखर आले! जो माणूस पंचांग बघितल्याशिवाय गाडीला नवा टायर घालत नाही, त्याचा विश्वास पाच रुपयांच्या नफ्यात बसला. दुसरा क्यूआर बारा हजारांचा. मोबाईलच्या पडद्यावर रक्कम होती, खाली एक मोठं बटण होतं आणि त्यावर 'पे' असं लिहिलं होतं. मग सहा ठिपके आले, पिन टाकायला. मेव्हण्याने अंगठ्याने एकेक आकडा दाबला, आणि दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा केला. शेजारी बसलेल्या बायकोने पिन बघू नये म्हणून.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करणारा पैसे देतो, घेणारा नव्हे, पार्क चौकात भेळ खाणारं कॉलेजचं पोरगंही हे रोज करतं. एकेकाळी या लोकांना मोबाईलवर सरळ 'पैसे मागण्याची' विनंती धाडता यायची. ती माणसामाणसांतली सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. म्हणून काय धंदा थांबतो? क्यूआर आहेच. पण मेव्हण्याला हे सांगायची हिंमत कुणाची? बारा गेले, तर समोरून आवाज आला, "सर अटक गया, एक बार फिर कीजिए, चौबीस एकसाथ आएगा." अडकलेले सोडवायला पुन्हा बारा. ते सोडवायला आणखी बारा. छत्तीस हजारांवर खात्यातली शिल्लकच संपली, नाहीतर फौजी सीमेवरून हटणारा नव्हता.

तुम्ही म्हणाल, एवढे भोळे आम्ही नाही. उत्तम. तुमच्यासाठी वरच्या इयत्तेचा प्रयोग आहे, आणि हा माझ्यावर झाला. एकाने फोन केला. मराठीत, गोड, आपल्याकडचंच बोलणं. गाडी दोन चाळीसला पक्की म्हणाला. मी बाहेरगावी आहे, माझा मावसभाऊ बघायला येईल, गाडी त्याच्यासाठीच आहे. फक्त एक विनंती, "त्याच्यासमोर किमतीचं काही बोलू नका, आमचा घरचा जुना हिशेब आहे, त्याला राग येतो." मी म्हटलं, घरचं आहे, आपल्याला काय करायचंय.

मावसभाऊ आला. जुळे सोलापुरात माझ्या घरासमोर, भर दुपारी, मे महिन्यात. गाडीच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी, मध्ये तापलेलं टप. मी म्हटलं, छान आहे ना? तो म्हणाला, छान आहे. मी म्हटलं, टायर नवीन आहेत. तो म्हणाला, दिसतंय. मग दोघंही गप्प. दोन सोलापुरी माणसं, विकाऊ वस्तूच्या दोन बाजूंना उभी, आणि किमतीवर चकार शब्द नाही! हे दृश्य सिद्धेश्वराने याआधी पाहिलं नसेल. तो मोबाईल काढून काहीतरी टाइप करत होता, मीही करत होतो. नंतर कळलं, आम्ही दोघं एकाच माणसाशी बोलत होतो. त्याला सांगितलेलं होतं, "गाडी माझ्या चुलतभावाकडे ठेवलीय, त्याच्याशी किंमत बोलू नका, तो मध्ये कमिशन मागतो." त्याला भाव दिला होता एक साठ. पैसे माझ्या खात्यात नाही, त्या 'भावा'च्या खात्यात टाकायचे. इकडे मला पैसे पोचल्याची पावती फोटोत येणार, तिकडे त्याचे पैसे जाणार, आणि आम्ही दोघं किल्लीवरून एकमेकांची गचांडी धरणार.

वाचलो ते माझ्या हुशारीने नव्हे. माझ्या आईने. ती ताक घेऊन बाहेर आली, पाहुण्याला तांब्या दिला आणि सरळ विचारलं, "मग कितीला ठरली?" शिष्टाचार नावाची गोष्ट जुन्या पिढीला माहीतच नाही. तो म्हणाला एक साठ, मी म्हणालो दोन चाळीस, आणि ऐंशी हजारांचा फरक तापलेल्या टपावर असा पसरला की ताक तिथेच राहिलं. माणूस मोहोळचा निघाला. मावसभाऊ कुणाचाच नाही.

एवढं टाळता आलं तर पैसे घेण्याच्या बाबतीत तरी घोळ घालाच. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे, असं धरून चाला. खातं उघडून बघणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. शनिवारी संध्याकाळी कुणी डिमांड ड्राफ्ट आणला तर त्यावरचे छापील आकडे किती सुबक आहेत बघा आणि किल्ली द्या, बँक सोमवारी उघडेल. 'आज रविवार, पैसे उद्या जमा होतील' असं म्हणाला तर मान डोलवा. बँकेतून बँकेत पैसे धाडणारं एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू असतं, ही माहिती चारचौघांत सांगून वातावरण बिघडवू नका. आणि सगळी रक्कम रोखच द्या म्हणून अडून बसा. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे गाडी फुकट गेली असं सन्मानाने सांगता येतं.

सगळं सुरळीत होऊन गाडी खरंच विकली गेली, तरी निराश होऊ नका. अजून एक जागा शिल्लक आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्या करून द्या, तारीख रिकामी, घेणाऱ्याचं नाव रिकामं. "आरटीओचं मी बघतो," असं तो म्हणेलच. गाडी दिल्यापासून १४ दिवसांत आपण स्वतः आरटीओला हस्तांतरण कळवायचं असतं, पण सोलापूर आरटीओच्या, म्हणजे एमएच १३ च्या त्या रांगेत कोण उभं राहणार? गाडी पुढे तो दुसऱ्याला विकेल, दुसरा तिसऱ्याला, आणि कागदावर मालक तुम्हीच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नेमक्या अशाच हातोहात गेलेल्या गाडीच्या अपघातात सांगितलं की, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. एवढा हक्क तर सख्खा मुलगाही बापाला देत नाही.

आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात, म्हणजे चोराची पंचाईत. आधी तीन दिवस घरात कुणाला कळू देऊ नका. मेव्हण्याने असंच केलं. चौथ्या दिवशी बायकोने पासबुक भरून आणलं.

माझी गाडी शेवटी त्या मेस्त्रीवाल्या काकांनीच नेली. एक पंच्याण्णवला. पाच वाढवले ते आईने ताक दिलं म्हणून, असं ते म्हणाले. पैसे एनईएफटीने आले, खात्यात दिसल्यावर किल्ली दिली, सह्या त्यांच्यासोबत आरटीओत जाऊन केल्या. फक्त काचेवरचा फास्टॅग बंद करायचा राहिला. परवा रात्री भाकरी आणि शेंगाचटणी ताटात होती, तेवढ्यात मेसेज आला, सावळेश्वर टोल, पैसे वजा. घास तोंडात तसाच. अर्ध्या तासाने दुसरा आला, वरवडे. आई म्हणाली, "पुण्याकडं निघालेत वाटतं. फोन करून विचार की, अ‍ॅव्हरेज किती देतीय."