एल अनात्सुई आणि फेविकॉलचा काय संबंध?

‘घानातला एक अशिक्षित कचरावेचक दारूच्या बाटल्यांची झाकणं जुन्या कापडावर चिकटवत बसायचा. गोऱ्यांनी पाहिलं आणि म्हातारपणी रातोरात कोट्यधीश झाला! डिग्री नको, जिद्द हवी. मुलांनो, तुम्हीही करा.’ शिल्पकार एल अनात्सुईंबद्दलचा हा मेसेज भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर पोचलाय आणि पोरं झाकणं अन् फेविकॉल गोळा करताहेत. आता गप्प बसणं कठीण आहे.

अशिक्षित? अनात्सुईंचा जन्म 1944चा, घानातल्या अन्याको गावचा. कुमासीच्या विद्यापीठात ते शिल्पकला शिकले. 1975 पासून नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ शिकवलं, प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. ‘डिग्री नको’ म्हणायला याहून चुकीचा माणूस शोधून सापडायचा नाही.

आता ते चिकटवणं. ब्रिटिश म्युझियमकडे त्यांचं 2001चं ‘वूमन्स क्लॉथ’ हे झाकणांचं शिल्प आहे. साहित्य काय, तर अॅल्युमिनियम आणि तांबं. खाली कापड नाहीच, ‘कापड’ आहे ते त्या धातूचंच. झाकणाचा वरचा गोल आणि मानेवरची पट्टी वेगळी करायची. मग कुठे ठोकून सपाट करायचं, कुठे घडी घालायची, कुठे पिळायचं, कुठे चुरगळायचं. कडांना भोकं पाडून शेजारच्या तुकड्याशी तांब्याच्या तारेने बांधायचं. तांबं मऊ, म्हणून सांधा हलता राहतो. असे छोटे पट्टे बरेच सहायक तयार करतात आणि अनात्सुई ते जमिनीवर मांडून, हलवून, रंग जुळवून मोठी रचना ठरवतात. सांधे हलते असल्यामुळे भलंमोठं काम घडी घालून पेटीत जातं आणि भिंतीवर दर वेळी वेगळ्या चुण्या पडतात. कशा टांगायच्या, यात ते संग्रहालयालाही मोकळीक देतात. हे सगळं डिंकाने चिकटवलं तर काय उरेल? ताठ फळा. शिवाय फेविकॉलला सुकायला पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो. गुळगुळीत, रंग चढवलेल्या पत्र्यावर त्याची पकड बसत नाही, दोन दिवसांत टपाटप गळतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य: 1990च्या दशकाच्या शेवटी न्सुक्काजवळ टाकून दिलेली झाकणांची पिशवी त्यांना सापडली, ही कथा खरी आहे. पण मेसेजवाल्याला दारूच का, हा प्रश्न पडला नाही. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत मालाच्या बदल्यात दारू आणली आणि पुढे ती गुलामांच्या व्यापाराशी जोडली गेली. अनात्सुई स्वतः हा धागा सांगतात. निव्वळ ‘टाकाऊतून टिकाऊ’ नव्हे हे.

रातोरात वगैरे तर सोडाच. 1970च्या दशकात फुटक्या मडक्यांची शिल्पं, मग चेन-सॉ म्हणजे यांत्रिक करवतीने केलेली लाकडाची कामं, 1990 मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात सहभाग. ही पिशवी त्यानंतरची. तिथलाच जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला 2015 मध्ये.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर कापलेली कड आधी पक्कडीने आत दुमडा, नाहीतर बोटं चिरतील. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून खिळ्याने भोक पाडा, कडेला फार चिकटून नको, तिथेच फाटतं. तार मोटार-रिवाइंडिंगवाल्याकडे भंगारात मिळते.