समिती बंद पडली म्हणून कोण रस्त्यावर येतं?

हुकूमशाही वळणाचं सरकार म्हटलं की आपल्याला लाठ्या आणि तुरुंग आठवतात. मला ब्राझीलमधला एक वटहुकूम आठवतो. 1 जानेवारी 2019. जाईर बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषद, तिकडे तिला ‘कोन्सेआ’ म्हणतात, मोडीत काढली.

या परिषदेत दोन तृतीयांश माणसं सरकारबाहेरची. शेतकरी संघटनांची, आदिवासींची, पोषणावर काम करणारी. अध्यक्षही त्यांच्यातलाच. अन्नाच्या धोरणावर ही मंडळी थेट राष्ट्राध्यक्षांना सल्ला द्यायची. शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के पैसा छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यासाठीच वापरायचा, असा कायदा 2009 मध्ये झाला, तो यांनी लावून धरला म्हणून. पोरांच्या ताटात जवळच्या शेतातली केळी आणि पालेभाजी येऊ लागली.

परिषद गेली तेव्हा माणसं खरंच रस्त्यावर आली. फेब्रुवारीत अनेक शहरांत त्यांनी भर चौकात अन्न शिजवून येईल त्याला जेवू घातलं. इतका देखणा निषेध मी दुसरा ऐकलेला नाही. संसदेनेही परिषद परत आणायचं ठरवलं, पण राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. त्याआधी एप्रिलमध्ये तर केंद्रातल्या लोकसहभागाच्या समित्या सरसकट बंद करायचा हुकूम निघाला. कायद्याने उभ्या राहिलेल्या समित्या सर्वोच्च न्यायालयाने वाचवल्या.

2014 मध्ये जगाच्या भूक-नकाशावरून बाहेर पडलेल्या या देशात 2022 पर्यंत 3 कोटी 30 लाख लोक उपाशी होते. कोविड होता, महागाई होती, आर्थिक घसरण आधीपासूनची होती. सगळं खापर एका निर्णयावर फोडता येणार नाही. पण शालेय आहारासाठी केंद्र एका मुलामागे देतं तो दर 2017 पासून गोठलेला होता, संसदेने मंजूर केलेली वाढही 2022 मध्ये नाकारली गेली, आणि त्या काळात राष्ट्राध्यक्षांसमोर बसून जाब विचारायची लोकांची हक्काची जागाच उरली नव्हती. सत्ता बदलल्यावर, 2023 मध्ये, परिषद परत आली आणि दरही वाढला.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. त्यांची सही कुठे सभेत होते आणि कुठे रजिस्टर घरी पाठवून, हे गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला याचा मनापासून राग येतो. तुमच्या शाळेत शेवटची सभा कधी झाली? पोषण आहाराचा विषय निघाला का? खाली जरूर लिहा.