भूपातला मध्यम

ज्यांना गाण्यातलं कळतं ते गाणं ऐकतात, ज्यांना यंत्रातलं कळतं ते कपॅसिटर ऐकतात. आमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. शिवाय वरच्या मजल्यावर एक काका राहतात, ते वायर ऐकतात.

सगळ्याच्या मुळाशी आहे हॉलमधलं एक काळं, जडशीळ खोकं. माझे मोठे मामा मर्चंट नेव्हीत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्याशा बंदरावरून त्यांनी ते आणलं आणि घर लहान झाल्यावर माझ्या हवाली केलं. त्याला म्हणायचं डॅक. सीडीवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचं पुन्हा गाणं करायचं काम या खोक्याचं. प्रत्येक चॅनलला सेकंदाला ४४,१०० आकडे येतात, प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी सांगतो आणि आतली चिप त्या हिशेबाने करंट सोडत राहते. आमच्या खोक्यातली चिप फिलिप्सची, टीडीए १५४१ए. १६ बिटांची, २८ पायांची. या नादातली माणसं तिचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात.

चिप ठणठणीत होती. तक्रार आली ती सासूबाईंकडून. त्या पूर्वी गाण्याच्या क्लासात पेटीची साथ करायच्या. आता पेटी माळ्यावर गेली, पण कान खाली राहिले. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीतली हेही त्या सांगतात, आपण विचारलेलं नसताना. एका संध्याकाळी भूप राग लावला होता. गवई काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, तब्येतीत आलाप चाललेले. सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता मान वर केली.

"अगं, या भूपात मध्यम कोण लावतंय?"

भूपात मध्यम, म्हणजे म हा सूर, नसतो. निषाद, म्हणजे नी, तोही नसतो. मी स्पीकरला कान लावला, तर आत खरंच कुणीतरी खालच्या सप्तकात गुणगुणत होतं. गवई थांबला तरी ते थांबेना.

त्याचं असं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० सुलट आणि ५० उलट्या लाटा. रेक्टिफायरमधून गेली की तिच्या उलट्या लाटा सुलट होतात आणि सेकंदाला १०० उमाळे येऊ लागतात. ते उमाळे पिऊन सपाट वीज पुढे द्यायची, हे फिल्टर कपॅसिटरचं काम. तो आतून सुकला की उमाळे पुढे सरकतात आणि थेट स्पीकरमधून गायला लागतात. १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. काळी एकला सा धरला, तर पांढरी पाच येते बरोबर तीव्र मध्यमावर. आमचा पॉवर सप्लाय भूपाचा यमन करायच्या बेतात होता, फक्त निषाद सापडत नव्हता. हे निदान सासूबाईंनी शेंगा न सोडता केलं. माझा मल्टिमीटर तेव्हा ड्रॉवरमध्येच होता.

झाकण उघडलं. कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्टचा, ८५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला. आणि त्याला उभं कुठे केलेलं, तर व्होल्टेज एका पातळीवर धरणाऱ्या रेग्युलेटरच्या हीटसिंकला, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला, अगदी खेटून. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं तर आयुष्य दुप्पट आणि चढलं तर निम्मं. हीटसिंकजवळ ६५ अंश धरले तर ८,००० तास. रोज चार तास गाणं ऐकणाऱ्याला साडेपाच वर्षं. हा तीसेक वर्षं टिकला, कारण मामा वर्षातला बराच काळ बोटीवर असायचे आणि मामींना डॅक सुरू करता येत नसे. ज्याने हा नकाशा काढला तो इंजिनिअर हुशारच असणार, पण त्याचा कपॅसिटरवर काहीतरी जुना राग असावा.

मग बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळत नाही असा पार्ट नाही, फक्त तो आपल्याला मिळेलच असं नाही. काउंटरवर मी एकटीच बाई. कपॅसिटरला तिथे कंडेन्सर म्हणायचं.

"कंडेन्सर द्या. २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा."

"फॅनचा का?"

"नाही हो. पॉवर सप्लायचा."

"मिस्टरांनी चिठ्ठी दिली असेल ना?"

चिठ्ठी होती, पण ती मीच लिहिली होती. हे पटवायला वेळ लागला. शेवटी त्यांनी मला घरी फोन लावायला सांगितला. मीही इरेला पेटून लावला आणि स्पीकरवर टाकला. नवरा म्हणाला, "अहो, ती म्हणते ते द्या. मी मेथीसुद्धा विचारून आणतो." त्यानंतर माल पटापट निघाला. १०५ अंशांचा कपॅसिटर, चांगलं सोल्डर, वितळलेलं सोल्डर टिपायची विक, ते ओढून घ्यायचा सकर. पिशवी हातात देता देता मालक म्हणाले, "आणि मॅडम, फॅनचा एक राहू द्याच. अडीचचा आहे. लागतोच." तोही घेतला. बुधवार पेठेत नको म्हणायला फार धीर लागतो.

जुना पार्ट काढणं हा खरा छळ आहे. नवा बसवायला दोन मिनिटं पुरतात. कपॅसिटरचा एक पाय लगेच सुटतो. दुसरा ग्राउंडचा असतो, आणि ग्राउंड म्हणजे बोर्डभर पसरलेलं तांबं. सोल्डरिंग आयर्नची उष्णता ते तांबं गिळून टाकतं. सोल्डर १८३ अंशांवर वितळतं हे पुस्तकात ठीक; इथे तीनशेच्या वरचं टोक टेकवून बसलं तरी ते ढिम्म हलत नाही. जोर लावला तर पाय येतो आणि सोबत बोर्डावरची तांब्याची चकतीही उचलून आणतो. उपाय उफराटा आहे: सोल्डर काढायचं असेल तर आधी थोडं नवं घालायचं. नवं वितळतं, जुन्याला बरोबर घेतं, सगळा थेंब चांदीसारखा चमकतो, आणि त्या अर्ध्या क्षणात सकरचं बटण दाबायचं. टक्. भोक साफ. सोल्डरमधल्या राळेचा धूर हॉलभर झाला. सासूबाईंनी आतून विचारलं, "दिवेलागण झाली का?"

नव्याच्या अंगावर उण्याचा पट्टा असतो, तो नीट बघून बसवला. उलटा बसला तर तो आधी फुगतो आणि मग फुटतो, म्हणून पहिल्यांदा स्विच लावताना नवरा मेन स्विचपाशी पहारा देत उभा होता. चेहरा खाटकाच्या दारातल्या बोकडाचा, पण उभा होता हे महत्त्वाचं.

भूप लावला. सासूबाईंनी डोळे मिटले, थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "गेला." चहाच्या एका कपापेक्षा जरा जास्त, एवढ्या पैशात दुरुस्ती झाली.

झाकणाचे स्क्रू लावत होते, तेवढ्यात काका आले. उघडं खोकं दिसलं की त्यांना वरच्या मजल्यावर कळतं.

"एवढंच केलंस?" ते म्हणाले. "ऑपॅम्प तोच ठेवलास? ५५३२? अगं, तो गाण्याचा गळा दाबतो."

ऑपॅम्प म्हणजे डॅकच्या चिपमधून निघालेला बारीक सिग्नल उचलून पुढे देणारी छोटी चिप. एनई ५५३२ हा त्यातला आठ पायांचा, स्वस्त, सत्तरीच्या दशकाअखेरचा पार्ट. आता गंमत बघा. जगभरच्या स्टुडिओंमधल्या मिक्सरमध्ये वर्षानुवर्षं हाच ठासून भरलेला. गवयाचा आवाज माइकपासून सीडीपर्यंत पोचेपर्यंत असल्या कितीतरी ५५३२ मधून गेलेला असू शकतो. तिथे कुणी गळा दाबला नाही, तो आमच्या हॉलमध्ये येऊनच दाबतो? हे मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "तुला अजून ऐकायची सवय नाही." या नादात हे वाक्य कुठल्याही प्रश्नाला चालतं.

त्यांनी त्यांचा महागडा ऑपॅम्प आणला. मी सॉकेट बसवलं, म्हणजे अदलाबदल करता येईल. आमचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मी बदलतो, तुम्ही सोफ्यावर पाठ करून बसा. पहिल्या खेपेला काका म्हणाले, "बंद खोली." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "हां! पडदा सरकला. तबला बघ कसा दोन पावलं मागे गेला." मुलाने चिपला हातच लावला नव्हता. ॲम्प्लिफायरचा आवाज केसभर वाढवला होता. एवढ्याशा फरकाने आवाज मोठा झाला असं वाटत नाही, चांगला झाला असं वाटतं. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. काकांना आम्ही काही सांगितलं नाही. त्यांचा ऑपॅम्प ५५३२ च्या जागी बसवला आणि सगळे सुखी झाले.

पण काका थांबणारे नव्हेत. १५४१ए च्या भोवती चौदा छोटे कपॅसिटर असतात. ते सगळे बदलून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे घालायचे, असा त्यांचा हुकूम. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण पॉलिप्रॉपिलीनचे अंगाने दुप्पट-तिप्पट. एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखे ते चौदा लालबुंद ठोकळे एकमेकांना कोपरं मारत तिरपे-तारपे बसले आणि झाकण बोटभर वर राहिलं. आवाजात फरक? मला वाटतो. रात्री जास्त वाटतो.

शेवटी मुकुट. १५४१ए ची एक निवडक जात होती, एस१. तिच्या पाठीवर छोटा मुकुट छापलेला असतो आणि त्या मुकुटाचे भाव सोन्यासारखे चढलेत. काकांनी एक ऑनलाइन मागवली. मखमली डबीत आली. मी कपाटातून नेलपॉलिश रिमूव्हर काढलं. ॲसिटोनवालं. कापसाचा बोळा भिजवून चिपच्या पाठीवरून हलकेच फिरवला. कारखान्यातली छपाई सहसा जागची हलत नाही. हा मुकुट बोळ्यावर आला. काका बराच वेळ त्या बोळ्याकडे बघत होते. सासूबाईंनी त्यांना खोबऱ्याची वडी दिली.

या धामधुमीत पिशवीच्या तळाशी तो पंख्याचा कंडेन्सर राहिला होता. हॉलचा पंखा कधीपासून रेंगाळत होता. कंडेन्सर अशक्त झाला की पंखा पाचवर ठेवला तरी दोनसारखा फिरतो. तो बदलायला सोल्डरसुद्धा लागलं नाही. बटण दाबलं आणि टेबलावरचे पेपर उडाले. नवरा, मुलगा, सगळे एकदम म्हणाले, "वा! काय फरक पडलाय!" चौदा लाल कपॅसिटरांच्या वाट्याला हे एकदाही आलं नव्हतं.

डॅकवर भूप चालू होता. सासूबाईंची मान वर झाली.

"आला गं. मध्यम."

पंख्याची मोटरही त्याच विजेवर चालते, त्यामुळे तीसुद्धा १०० हर्ट्झलाच गुणगुणते. इतके दिवस दमाने चालली होती, आता अंगात जोर आला होता. बंद करावा तर मे महिना. नवऱ्याने साफ सांगितलं, गाणं बंद झालं तरी चालेल. मी पुन्हा बुधवार पेठेत गेले आणि न गुणगुणणारा, जरा वरच्या दर्जाचा कंडेन्सर मागितला.

मालकांनी मला ओळखलं. फोन लावायला सांगितला नाही. म्हणाले, "मॅडम, पंख्यात ऑडिओ ग्रेड येत नाही."