डिस्क सापडत नाही म्हणे!

डोळे फुटले आहेत का याचे? डिस्क आहे. मी स्वतः मागचं झाकण उघडून पाहिली आहे, स्क्रू घट्ट, नीट बसलेली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहिली, तिथे नाव आहे, मॉडेल नंबर आहे, ५१२ जीबी लिहिलंय. आणि विंडोजचा इन्स्टॉलर रिकामा पांढरा चौकोन दाखवून मला सांगतो की एकही ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर (म्हणजे डिस्कची ओळख करून देणारी फाइल) लोड करा. कोणता ड्रायव्हर? कुठून आणायचा? ते नाही सांगणार. "लोड ड्रायव्हर" लिहिलं की यांची जबाबदारी संपली.

लॅपटॉप भाचीचा. धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्ट रिपोर्ट मानेवर बसलाय. जुनी डिस्क मेली म्हणून जळगावच्या एका दुकानातून नवी बसवून आणली. विंडोज टाकायचे पैसे वेगळे म्हटल्यावर ताई म्हणाली, राहू द्या, घरात मामा आहे. मामा म्हणजे मी. फुकट.

दुकानात फोन लावला. "साहेब, डिस्क गेली असेल, घेऊन या." गेली असेल? परवा तूच बसवली ना रे! बायोसमध्ये दिसतेय म्हटलं, तर म्हणे, "बायोसवर जाऊ नका साहेब." मग कशावर जाऊ, पत्रिकेवर? वर थोडं थांबून, "मदरबोर्ड पण असू शकतो." आलाच मदरबोर्ड! या लोकांचं निदान तिथूनच सुरू होतं. चार्जरची वायर तुटली तरी मदरबोर्ड. अशा किती चांगल्या डिस्का "गेल्या" म्हणून काउंटरमागच्या खोक्यात पडल्या असतील आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपात "नवीन" म्हणून गेल्या असतील, देव जाणे.

डिस्क गेलेली नव्हतीच. वाटेत व्हीएमडी आडवं पडलेलं, म्हणजे डिस्क आणि विंडोजच्या मधे बसणारा इंटेलचा एक कंट्रोलर. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून लॅपटॉपात घुसलेलं हे खूळ मूळचं सर्व्हरमधलं. तिथे ढिगाने एनव्हीएमई जातीच्या वेगवान डिस्का असतात, त्यांची रेड करायची (म्हणजे अनेक डिस्का जोडून एकीसारख्या वापरायच्या), चालू मशीनमधून डिस्क काढायची-घालायची, त्यासाठी ते ठीक. इथे एक डिस्क, एक स्लॉट. एका बैलाला दोघांचं जू! आणि ते जू कंपनीतूनच चढवून पाठवायचं, विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र त्याचा ड्रायव्हर ठेवायचा नाही. गंमत म्हणजे विंडोजऐवजी चालणारा फुकटातला उबुंटू पेन ड्राइव्हवरून चालू केला तर डिस्क पहिल्या झटक्यात समोर. पैसे घेतो त्याला दिसत नाही.

बरं, ड्रायव्हर उतरवला. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मोबाईलवर, एका काडीच्या रेंजमध्ये. तो निघाला ईएक्सई, म्हणजे चालू विंडोजवरच उघडणारी फाइल. इन्स्टॉलरला हवी तिच्या आतली आयएनएफ, म्हणजे सुटा ड्रायव्हर. म्हणजे आधी तो ईएक्सई फोडायचा, आणि फोडायला चालू विंडोजवाला दुसरा कम्प्युटर लागतो. विंडोज टाकण्यासाठी विंडोज! शेजारच्या पोराच्या कम्प्युटरवर फोडला, पेन ड्राइव्हमध्ये टाकला, ब्राउझ करून फोल्डर दाखवलं. "नो साइन्ड डिव्हाइस ड्रायव्हर्स वेअर फाउंड." म्हणजे सहीचा ड्रायव्हरच सापडला नाही. तुझ्या साइनच्या मी...

असो. हीसुद्धा खरी चीड नाही. खरी चीड पुढे आहे.

ठरवलं, व्हीएमडीच बंद करू. डिस्क कोरी आहे, जुनं विंडोज त्यात नाही, त्यामुळे सेटिंग बदललं म्हणून विंडोज बंद पडून निळा पडदा यायची भीती नाही. बायोसमध्ये गेलो. मेन पाहिलं, सिक्युरिटी पाहिलं, बूट पाहिलं, एक्झिट पाहिलं. व्हीएमडी हा शब्द कुठेच नाही. पुन्हा मेनपासून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. नाही म्हणजे नाहीच. शेवटी कळलं काय, तर मेनच्या टॅबवर उभं राहून कंट्रोल आणि एस दाबायचं. मग ती ओळ प्रकट होते! कुठेही लिहिलेलं नाही. खाली कोपऱ्यात एफ-वन म्हणजे हेल्प, एफ-टेन म्हणजे सेव्ह, सगळं छापलंय, पण कंट्रोल-एस नाही. मला त्या माणसाला भेटायचंय ज्याने मीटिंगमध्ये बसून हे सुचवलं. "सेटिंग द्यायचं, पण दाखवायचं नाही." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील, चहा-बिस्किटं खाल्ली असतील. अरे, ज्याला ते सेटिंग लागतं तो आधीच रडकुंडीला आलेला असतो, त्याच्याशी लपाछपी कसली खेळता? बँकेच्या लॉकरची चावी आहे का ती? व्हीएमडी बंद-चालू करायचं बटण आहे! ओळ आली, डिसेबल केली, एफ-टेन, रीस्टार्ट. आणि तो पांढरा चौकोन, ज्याच्याकडे मी तासन् तास डोळे फाडून बघितलं, त्यात निवांत "ड्राइव्ह ०, अनअलोकेटेड स्पेस".

४७६.९ जीबी. पैसे ५१२चे. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसने, ते गणित मला माहीत आहे, कोणी शिकवायला येऊ नका. किलोमागे वजन मारणारा केळीचा व्यापारीसुद्धा निदान खाली मान घालतो.

एव्हाना माझा अवतार बघण्यासारखा होता. मे महिना, बाहेर ४४, लाइट गेलेली, कूलर बंद, मी बनियनवर, लॅपटॉप बॅटरीवर धापा टाकतोय आणि मी त्याला अहिराणीतून मनसोक्त शिव्या घालतोय. साने गुरुजींनी ज्या गावात पोरांना शिकवलं, त्या गावात. पलीकडच्या ओट्यावरून आबांनी विचारलं, "कोनासंगे भांडी राहिना रे भो?" काय सांगणार? कंट्रोलरसंगे? याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली, तेल-तूप गाळता गाळता लोक कम्प्युटरमध्ये गेले. आणि त्याच मातीतला मी एका कंट्रोल-एसपुढे घामाघूम. आबांना म्हटलं, काही नाही, मोबाईलवर बोलत होतो.

पण राग काही आजचा नाही. विंडोज एक्सपी आठवते का? इन्स्टॉल करताना निळा पडदा, खाली दोन-तीन सेकंद एक ओळ, एफ-सिक्स दाबा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि ड्रायव्हर घेणार कुठून, तर फक्त फ्लॉपीवरून. तेव्हाची नव्या जातीची साटा डिस्क नवी कोरी, आणि तिला ओळखण्यासाठी आम्ही फ्लॉपी शोधत हिंडायचो. २००१ सालची ती एक्सपी. आज विंडोज ११ आहे, १४ ऑक्टोबर २०२५ला दहाचाही सपोर्ट संपवून अकराच घ्या म्हणून मागे लागलेत, आणि एवढ्या वर्षांत सुधारणा काय? फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह.

आणि ते व्हिडिओवाले! "नमस्कार दोस्तों" म्हणून सुरू होतात, ढँणढँण संगीत, सबस्क्राइब करा, बेल दाबा, अर्ध्यात जाहिरात, आणि शेवटी उपाय काय, तर "यूएसबी दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा". एकाने तर डिस्कचे पाय खोडरबराने घासायला लावले. खाली शंभरेक लोकांनी "थँक्यू सर" लिहिलंय. कशाबद्दल?

असो, विंडोज चढली. लगेच पुढचं नाटक, नेटला जोडा म्हणे, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वायफायची यादी रिकामी, कारण वायफायचाही ड्रायव्हर नाही! मोबाईल केबलने लावून टेथरिंग केलं, डेटा पॅक त्यात स्वाहा.

रात्री शेवभाजी-भाकरी पुढ्यात घेतली तोच जिजाजींचा फोन. झालं का विचारलं. झालं म्हटलं. "मग त्यात आपला तो जुना फॉन्ट पण टाकून दे. पतपेढीच्या फाइली उघडल्या की सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते."

"कोणता फॉन्ट, जिजाजी?"

"तोच रे. मराठीचा."