रेटिनॉलच्या नावावर स्टेरॉइडचे गुन्हे

गेले काही महिने व्हॉट्सॲपवरच्या कौटुंबिक गटांमधून एक लांबलचक मजकूर फिरत आहे. सुरकुत्यांवरच्या क्रीममध्ये असणारे रेटिनॉल हे चेहऱ्याला दिलेले सावकाश विष आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याने कातडी पातळ होते, एकदा लावायला घेतले की सोडता येत नाही, उन्हात कर्करोग होतो, म्हणूनच युरोपने त्यावर बंदी घातली आणि मूल व्यंग घेऊन जन्माला येते, असे त्यातले पाच आरोप आहेत, आणि शेवटी बावचीच्या तेलाचा घरगुती उपाय सांगितला आहे. माझे औषधांचे दुकान आहे. हा मजकूर मोबाइलवर पुढे धरून ‘हे खरं का हो?’ असे विचारणारी गिऱ्हाइके आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. मजकूर निव्वळ थापांचा असता तर काउंटरवरच उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण त्यातले पहिले दोन आरोप खरे आहेत, फक्त ते भलत्याच औषधाचे आहेत.

आधी नावांचा घोळ निस्तरायला हवा. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. कातडीत शिरल्यावर त्याचे प्रथम रेटिनाल्डिहाइड आणि नंतर रेटिनॉइक आम्ल होते, आणि पेशींवर जो काही परिणाम घडतो तो या शेवटच्या आम्लामुळे घडतो. ट्रेटिनॉइन नावाने औषध म्हणून मिळते ते हेच आम्ल; अमेरिकेत मुरुमांवरचे औषध म्हणून त्याला १९७१ साली मान्यता मिळाली. म्हणजे ट्रेटिनॉइन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध आणि रेटिनॉल हा त्याचा सौम्य, मंदगती भाऊबंद, जो सौंदर्यप्रसाधनांत वापरला जातो. यांपैकी कोणीही स्टेरॉइड, म्हणजे दाह दडपणारे औषध, नाही.

आता कातडी पातळ होण्याविषयी. ट्रेटिनॉइन लावू लागल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत सर्वांत वरचा मृत पेशींचा थर सुटू लागतो, तो अधिक दाटही होतो, त्यामुळे चेहरा सोलवटतो, चुणचुणतो, तांबूस दिसतो. रेटिनॉलने हेच कमी प्रमाणात होते. पाहणाऱ्याला वाटते, कातडी झिजली. पण त्या थराखालचे जिवंत बाह्यत्वचेचे पदर प्रत्यक्षात जाड होतात आणि त्याखाली कोलॅजनची, म्हणजे कातडीला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाची, निर्मिती वाढते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सरासरी ८७ वर्षे वयाच्या ३६ वृद्धांच्या एका दंडाच्या आतल्या बाजूस ०.४ टक्के रेटिनॉलचे लोशन आणि दुसऱ्या दंडास तेच लोशन रेटिनॉलशिवाय, असे आठवड्यातून तीन वेळांपर्यंत, २४ आठवडे लावले. रेटिनॉल लावलेल्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या आणि कोलॅजनचे पूर्वरूपही तिथे वाढलेले आढळले. दंडाची आतली बाजू निवडली ती ऊन न लागलेली जागा म्हणून, हे मला त्या प्रयोगातले विशेष शहाणपण वाटते.

मग लोकांच्या चेहऱ्याची कातडी खरोखर पातळ झालेली दिसते, ती कशाने? गेल्या वर्षी एक ताई आल्या. गालांवर तांबड्या शिरांचे बारीक जाळे, हनुवटीवर लव वाढलेली, कपाळावर पुटकुळ्या. पर्समधून त्यांनी शेपटीकडून गुंडाळत आणलेली एक ट्यूब काढली. वांगाच्या डागांसाठी शेजारणीने सुचवलेली, चार वर्षे रोज रात्री लावलेली. ‘यात ते व्हिटॅमिन ए आहे ना, त्यानंच झालं हे सगळं,’ असे म्हणत त्यांनी तो मजकूर मला दाखवला. मी ट्यूब उजेडात धरून बारीक अक्षरे वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. त्यांचे बोट दुसऱ्या नावावर होते. गुन्हेगार तिसऱ्या नावाचा होता. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरुमे उठतात.

हे तिहेरी मिश्रण मुळात वाईट हेतूने जन्मलेले नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली वांगावर असेच एक मिश्रण मांडले होते. त्यात मोमेटासोनच्या जागी डेक्सामेथासोन होते. आजही त्वचारोगतज्ज्ञ अशी मिश्रणे ठरावीक आठवड्यांपुरती देतात. मौजेची गोष्ट अशी की, त्यातील ट्रेटिनॉइन हे स्टेरॉइडमुळे होणाऱ्या झिजेला काही प्रमाणात आळाच घालते, म्हणजे ज्याच्यावर आळ आला तोच घरातला त्यातल्या त्यात सज्जन. आपल्याकडे मात्र ही ट्यूब ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे विकली गेली. केंद्र सरकारने २०१८ साली अशा स्टेरॉइड मलमांना अनुसूची एचमध्ये घालून चिठ्ठी सक्तीची केली. तरीही त्यानंतर ती चिठ्ठीशिवाय विकणे थांबले असे म्हणण्याचे धाडस माझ्यासारख्या दुकानदारानेही करू नये.

‘एकदा लावले की सोडता येत नाही’ हा दुसरा आरोपही याच ट्यूबमधून आला आहे. चेहऱ्यावर बरेच दिवस स्टेरॉइड लावून अचानक बंद केले, तर आग होते, चेहरा लालबुंद होतो, पुरळ उसळून येते आणि माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. त्या ताईंनी चार वर्षांत तीनदा सोडून पाहिले होते. रेटिनॉलच्या बाबतीत असे काही घडत नाही. ते बंद केल्यास मिळालेला फायदा हळूहळू ओसरतो आणि कातडी आपल्या मूळ गतीने वयस्क होत राहते, पण एका रात्रीत म्हातारपण येत नाही. व्यायाम सोडणाऱ्याचेही असेच होते आणि त्याला कोणी व्यसन म्हणत नाही.

कर्करोगाचा आरोप उंदरांवरून आलेला आहे. रेटिनॉलचेच एक रूप असलेले रेटिनिल पाल्मिटेट लावून केस नसलेल्या उंदरांना कृत्रिम सूर्यप्रकाशात ठेवले असता त्यांच्या कातडीवर अधिक गाठी झाल्या, असा अमेरिकी सरकारी संस्थांचा अहवाल आहे. पण त्याच प्रयोगात नुसते क्रीम, म्हणजे त्यात जीवनसत्त्व नसलेले, लावलेल्या उंदरांतही गाठी वाढल्या होत्या. मजकुरात हे वाक्य गाळलेले आहे. माणसांविषयीचा पुरावा पाहायचा तर अमेरिकेतील ११३१ माजी सैनिकांच्या चेहऱ्याला आणि कानांना ०.१ टक्के ट्रेटिनॉइन अथवा नुसते क्रीम काही वर्षे लावून पाहिले गेले. कर्करोग टळावा ही अपेक्षा होती. तो टळला नाही आणि वाढलाही नाही. याच चाचणीत औषधाच्या गटात मृत्यू अधिक झाल्याने ती सहा महिने आधी थांबवण्यात आली, हेही सांगायला हवे. त्या मृत्यूंमागे औषध असण्याची शक्यता कमी आहे, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. उन्हाबाबतची खबरदारी मात्र खरी आहे: रेटिनॉल प्रकाशात विघटित होते आणि सोलवटलेल्या चेहऱ्याला ऊन अधिक बोचते, म्हणून ते रात्री लावायचे आणि दिवसा सनस्क्रीन चुकवायचे नाही.

युरोपने बंदी घातलेली नाही. मर्यादा घातली आहे. एप्रिल २०२४ च्या नियमानुसार चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉल ०.३ टक्क्यापर्यंत आणि अंगाला लावायच्या लोशनमध्ये ०.०५ टक्क्यापर्यंत चालते. कारण चेहऱ्याचे नाहीच. अन्न, गोळ्या आणि प्रसाधने मिळून काही लोकांच्या शरीरात जाणारे एकूण अ जीवनसत्त्व मर्यादेबाहेर जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे, आणि म्हणून वेष्टनावर तशी सूचना छापणे बंधनकारक केले आहे. जे निषिद्ध असते त्याचे प्रमाण कोणी ठरवून देत नाही.

गर्भाविषयीच्या आरोपाला मी हसून उडवून लावणार नाही. मुरुमांवर पोटात घ्यायचे आयसोट्रेटिनॉइन, जे अ जीवनसत्त्वाच्याच वर्गातले आहे, गर्भाला निश्चितपणे घातक आहे. त्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. मजकुराने गोळीचा हा धोका मलमाला चिकटवला आहे. कातडीवाटे रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते, तरी युरोपीय औषध संस्थेने २०१८ साली गरोदरपणात या वर्गातील मलमेही खबरदारी म्हणून वापरू नयेत असे सांगितले, आणि मीही गरोदर स्त्रीला किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्या स्त्रीला रेटिनॉल देत नाही. मात्र दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी नकळत क्रीम लावले गेले, म्हणून रडत आलेल्या मुलीला ‘आता थांबवा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घाला’ एवढेच सांगावे. व्यंगाची भविष्यवाणी तिला ऐकवणाऱ्यांचा मला संताप येतो.

ज्यांना वापरायचे आहे त्यांनी वाटाण्याच्या एका दाण्याएवढे क्रीम सबंध चेहऱ्याला, आधी मॉइश्चरायझर लावून, आठवड्यातून दोन रात्री, इथून सुरुवात करावी. चेहरा सोलवटण्याच्या बहुतेक तक्रारी चार दाण्यांच्या उत्साहातून आलेल्या असतात.

राहिला बावचीचा उपाय. बावचीच्या बियांतून वेगळे काढलेले बाकुचिऑल हे द्रव्य खरोखर आशादायक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ४४ जणांच्या छोट्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर ते सुरकुत्या आणि डाग यांवर रेटिनॉलच्या तोडीचे ठरले आणि त्याने चुणचुणही कमी झाली. पण मजकूर सांगतो ते हे द्रव्य नव्हे. ‘बावची कुटून खोबरेल तेलात आठ दिवस मुरवा आणि सकाळी चेहऱ्याला चोळा,’ असे त्यात लिहिले आहे. बावचीच्या बीमध्ये सोरालेनही असते, ज्यामुळे कातडी उन्हाला विलक्षण संवेदनशील होते. कोडाच्या डागांवर बावची लावून रुग्णाला उन्हात बसवणे हा आपल्याकडचा जुना उपचार याच गुणावर चालतो, आणि तो करताना वेळेचा अंदाज चुकला तर डागांवर भाजल्यासारखे फोड येतात. रेटिनॉलला उन्हाच्या भीतीने विष ठरवणारा मजकूर तेच तेल सकाळी, ऐन ऊन चढायच्या वेळी, सबंध तोंडाला चोळायला सांगतो.